गरम पाण्याच्या नळीलाही पांघरूण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की गीझर किती लिटरचा आणि किती तारांकित घ्यावा याची चर्चा घरोघरी होते. पण तापलेले पाणी न्हाणीघरापर्यंत येताना वाटेत काय होते, हे फारसे कोणी पाहत नाही. पुण्यातील आमच्या सात मजली सोसायटीच्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

आमच्या गच्चीवर सोलर आहे. लख्ख ऊन पडूनही खालच्या मजल्यांवर पाणी कोमटच येत असल्याने संपूर्ण यंत्रणा बदलण्याचा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. त्याआधी एकदा पाहावे म्हणून सकाळी साडेसहाला, आंघोळींच्या ऐन वेळी, गच्चीवर गेलो. टाकी बाहेरून गारच लागली, म्हणजे तिचे आवरण शाबूत होते; मात्र तिच्यातून निघणाऱ्या नळीवरचा फोम उन्हाने विरून बोट लावताच भुगा होत होता, एल्बोंवर, म्हणजे नळीच्या वळणांवरील जोडांवर, तर तो कधी बसवलाच नव्हता आणि तेथे हाताला चटका बसत होता. दिवसभर साठवलेली ऊब आम्ही पहाटवाऱ्याला देत होतो.

एक इंची नळीत दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत तीस मीटर धरले तरी पंधरा लिटर पाणी नळीतच असते, आणि रात्रभर निवलेले हे पाणी सकाळी गटारात जाते. जुना तांब्याचा बंब न्हाणीतच पेटत असल्यामुळे हा प्रश्नच नव्हता. आम्ही नळीला नवा फोम घालून त्यावर पत्र्याचे आवरण चढवले. सकाळचे पहिले गार पाणी आजही सोडावेच लागते (ते बादलीत धरून कपड्यांना वापरावे), परंतु एका घराची आंघोळ आटोपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत नळीतले पाणी आता निवत नाही, आणि नव्या यंत्रणेचा ठराव मागे पडला. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर नेण्यास अर्ध्या युनिटहून अधिक वीज लागते, हे लक्षात घेतले तर खालच्या मजल्यांवर रोज किती गीझर विनाकारण चालू होते, हे उमगते.

बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने पॅनेलच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसून प्रवाह आखडतो, तेव्हा त्यांची नियमित सफाईही हवीच. घरातल्या गीझरचा थर्मोस्टॅट सत्तरवर ठेवून मग त्यात गार पाणी मिसळण्याऐवजी पंचावन्नवर ठेवला, तर टाकीतून झिरपणारी उष्णताही कमी होते.

माझी विनंती महापालिकांना आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना गच्चीवर सोलर आहे की नाही एवढेच न पाहता, टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत गरम पाण्याची नळी आवरणात आहे का आणि सर्वांत खालच्या सदनिकेत गरम पाणी यायला किती वेळ लागतो, याची प्रत्यक्ष तपासणी व्हावी आणि ती नोंद सोसायटीकडे हस्तांतराच्या कागदपत्रांसोबत द्यावी.

आपला नम्र,
एक सदनिकाधारक, पुणे