पेट्रोल आणि डिझेलमधले तेरा रुपये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राज्य सरकारने 1 जुलै 2024 पासून मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील इंधनावरचा मूल्यवर्धित कर कमी केला, तेव्हा मुंबईत पेट्रोल 104 रुपये 21 पैशांवरून 103 रुपये 44 पैशांवर आणि डिझेल 92 रुपये 15 पैशांवरून 89 रुपये 97 पैशांवर आले. दोन्ही दर उतरले म्हणून त्या निर्णयाचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र दोन इंधनांमधील अंतर त्याच दिवशी 12 रुपये 6 पैशांवरून 13 रुपये 47 पैशांवर गेले, याची फारशी चर्चा झाली नाही. मी डोंबिवलीत राहतो, रोज दुचाकी वापरतो आणि पंपावर शेजारच्या नळीतून टेम्पोत जाणारे इंधन लिटरमागे इतके स्वस्त का, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत होता. पंपावर त्याचे ठरलेले उत्तर मिळते, ते असे की डिझेल हे हलक्या दर्जाचे, पेट्रोल काढून झाल्यावर खाली उरलेले तेल, म्हणून ते स्वस्त. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्यामुळे खरे कारण झाकले जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कच्चे तेल तापवले की त्यातील घटक आपापल्या उत्कलनबिंदूनुसार वेगळे होतात. हलके घटक आधी, म्हणजे पेट्रोलच्या बाजूचे, आणि त्यांच्याहून जड ते डिझेलच्या बाजूचे. जड असणे म्हणजे निकृष्ट असणे नव्हे. एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा वजनाने जास्त भरते आणि त्यातून मिळणारी ऊर्जाही सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांनी अधिक असते. डिझेलची गाडी लिटरमागे जास्त पळते त्याचे हे एक कारण, इंजिनाची कार्यक्षमता हे दुसरे. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या वाहन-प्रदूषणाच्या निकषांनुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखात दहा भागांवर आणावे लागते, आणि त्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची खर्चिक प्रक्रिया करावी लागते. मागणीचे पारडेही डिझेलच्याच बाजूला झुकलेले आहे. 2023-24 मध्ये देशात सुमारे 9 कोटी टन डिझेल खपले आणि पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आसपास. जगाच्या बाजारात डिझेल अनेकदा पेट्रोलपेक्षा महाग विकले जाते, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, युरोप रशियन डिझेलवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याने, ही तफावत चांगलीच रुंदावली होती.

मग आपल्याकडे ते स्वस्त कसे, याचे उत्तर तेल कंपन्या दिल्लीच्या दराचे जे विवरण प्रसिद्ध करतात त्यात रुपया-पैशांत मिळते. 15 मार्च 2024 च्या दोन रुपयांच्या कपातीनंतर दिल्लीत पेट्रोल 94 रुपये 72 पैसे आणि डिझेल 87 रुपये 62 पैसे होते, म्हणजे अंतर 7 रुपये 10 पैशांचे. त्या काळातील विवरणानुसार, वाहतूक खर्च धरून पण कर वगळून, पंपचालकाला पेट्रोल पडत होते 55 रुपये 66 पैशांना आणि डिझेल 56 रुपये 42 पैशांना. कर लागण्याआधी डिझेलच 76 पैशांनी महाग होते! त्यापुढे केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर 19 रुपये 90 पैसे, डिझेलवर 15 रुपये 80 पैसे. पंपचालकाचे कमिशन अनुक्रमे 3 रुपये 77 पैसे आणि 2 रुपये 58 पैसे. आणि या सगळ्या बेरजेवर दिल्ली सरकारचा मूल्यवर्धित कर, पेट्रोलवर 15 रुपये 39 पैसे तर डिझेलवर 12 रुपये 82 पैसे. ज्याला हौस असेल त्याने ही बेरीज करून पाहावी. अंतरातले सहा रुपये सदुसष्ट पैसे दोन सरकारांच्या करांचे आहेत आणि एक रुपया एकोणीस पैसे कमिशनचे, आणि त्यातून डिझेलच्या मूळ महागाईचे 76 पैसे वजा झाले की सात रुपये दहा पैसे उरतात. येथे एक बारकावा आहे. राज्याचा कर टक्केवारीने, केंद्राचे शुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो, त्यामुळे केंद्राने ठेवलेला चार रुपयांचा भेद राज्याच्या करात आपोआप आणखी फुगतो.

हे अंतर मुख्यतः करांच्या आधारावर उभे आहे याचा पडताळा 2020 साली राजधानीतच आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवले, तेव्हा दोहोंवरील शुल्कातला फरक जेमतेम 1 रुपया 15 पैसे उरला. त्याच सुमारास दिल्ली सरकारने डिझेलवरचा कर 16.75 टक्क्यांवरून 30 टक्के करून पेट्रोलच्या बरोबरीला आणला. परिणामी 24 जून 2020 रोजी दिल्लीत डिझेल 79 रुपये 88 पैसे आणि पेट्रोल 79 रुपये 76 पैसे झाले. पाच आठवड्यांनी, 30 जुलैला, दिल्ली सरकारने डिझेलवरचा कर पुन्हा पूर्वीच्या टक्क्यावर नेला आणि डिझेल लिटरमागे 8 रुपये 36 पैशांनी खाली आले. या काळात कच्च्या तेलाचा गुणधर्म बदलला नव्हता की रिफायनरीची यंत्रेही बदलली नव्हती.

हा करभेद आला कुठून, तर एका जुन्या समजुतीतून. पेट्रोल मोटारवाल्यांचे आणि डिझेल एसटी, मालट्रक व शेतकऱ्याच्या पंपाचे, अशी ती समजूत. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत झाले नाहीत, आणि त्या मधल्या काळात मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपये 18 पैसे असताना डिझेल 40 रुपये 91 पैशांना मिळत होते. ही सवलत घेतली कोणी, तर ऐपतदारांनी. डिझेलच्या मोटारी आणि भारदस्त एसयूव्ही भराभर खपल्या. डिझेलचे दरही मुक्त करावेत आणि डिझेल मोटारींवर 80 हजार रुपयांचे जादा शुल्क लावावे, असे केंद्राने इंधनदरांसाठी नेमलेल्या किरीट पारीख समितीने 2010 सालीच सुचवले होते. दरम्यान समजुतीच्या दुसऱ्या टोकाला काय घडले, ते केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाच्या 2014 मधील पाहणीत दिसले. देशातील सुमारे 61 टक्के पेट्रोल दुचाकींमध्ये जात होते आणि मोटारींच्या वाट्याला जेमतेम 34 टक्के येत होते. म्हणजे जे इंधन चैनीचे म्हणून अधिक करपात्र ठरले, ते बहुतांशी घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवणाऱ्याच्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या मुकादमाच्या आणि माझ्यासारख्या नोकरदाराच्या टाकीत पडत आहे.

डिझेलवरचा कर वाढवून ही विसंगती दूर करावी, असे मी म्हणणार नाही. नाशिकचा भाजीपाला वाशीच्या बाजारात डिझेलवर येतो आणि एसटीही बहुतांशी डिझेलवरच चालते. त्याचा भार शेवटी सगळ्यांवर पडतो. अमेरिकेत केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनमागे 18.4 सेंट आणि डिझेलवर 24.4 सेंट आहे, ब्रिटनमध्ये दोहोंवर सारख्याच दराने शुल्क आहे, परंतु तेथील मालवाहतूक आणि येथील मालवाहतूक एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. माझे म्हणणे पेट्रोलवरील भारापुरते आहे, आणि त्यातही राज्याच्या हिश्शापुरते.

दिल्लीत सात रुपयांचे असलेले अंतर मुंबईत साडेतेरा रुपयांचे होते, ते काही मुंबई तेलाच्या साठ्यांपासून दूर आहे म्हणून नव्हे. दोन मोठ्या रिफायनऱ्या तर मुंबईतच, माहूलला आहेत. राज्याचा कर पेट्रोलवर 25 टक्के आणि डिझेलवर 21 टक्के आहे, आणि पेट्रोलवर त्याशिवाय लिटरमागे 5 रुपये 12 पैशांचा अधिभार आहे, जो डिझेलवर नाही. या अधिभाराची वाटचाल पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून दोन्ही इंधने प्रत्येकी 2 रुपयांनी महाग केली गेली. एप्रिल 2017 मध्ये महामार्गांलगतची मद्यविक्री न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्याने महसूल बुडाला, म्हणून तोवर 6 रुपयांवर पोचलेला पेट्रोलचा अधिभार 9 रुपये झाला. दारूच्या दुकानांची तूट दुचाकीस्वाराने का भरून द्यायची, याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. पुढे हा अधिभार कधी चढला, कधी उतरला, जुलै 2022 मध्ये पेट्रोलवरील कर 5 रुपयांनी कमीही झाला, पण दुष्काळ सरला आणि महामार्गावरील बंदी सैल झाली तरी अधिभार पूर्णपणे गेला नाही.

शेजारच्या गोव्यात मनोहर पर्रीकर सरकारने 2012 मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला होता आणि पेट्रोल सुमारे 11 रुपयांनी उतरले होते. तो निर्णय तेथे टिकला नाही, आणि महाराष्ट्राच्या आकाराच्या राज्याला तो परवडणारही नाही, हे मान्य. इंधन वस्तू व सेवा कराखाली आणावे, ही मागणीही जुनी आहे. राज्यघटनेच्या 279अ या अनुच्छेदात त्याची तारीख वस्तू व सेवा कर परिषदेने सुचवायची आहे आणि ती तारीख येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. अधिभार मात्र राज्याच्या एकट्याच्या अखत्यारीत आहे. तो दर अर्थसंकल्पात सुमारे एक रुपया याप्रमाणे पाच वर्षांत संपवता येईल. तोवर निदान एवढे करावे की विजेच्या देयकावर जसे स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे छापलेले असते, तसे पंपावरच्या पावतीवर इंधनाची मूळ किंमत, केंद्राचे शुल्क, राज्याचा कर आणि अधिभार हे चार आकडे स्वतंत्रपणे छापण्याची सक्ती व्हावी. पावती देणारे यंत्र आज दर, लिटर आणि रक्कम छापतेच, त्यात आणखी चार ओळींची भर घालायची आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली