परवाना तपासता, तसे शस्त्रही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा विषय गाजला. परवाना कोणाला दिला, कशासाठी दिला, यावर भरपूर लिहिले गेले आणि ते गरजेचेच होते. पण ज्या वस्तूसाठी हा परवाना असतो, त्या वस्तूतली सुरक्षेची यंत्रणा शाबूत आहे का, हे कोणी विचारले नाही. पोलीस शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची तपासणी-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केल्यामुळे मला हे फार खटकते.

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. शस्त्र कपाटात ठेवताना हातातून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढचे काही दिवस नाना तर्क लढवले गेले. माझ्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे : रिव्हॉल्व्हर पडले म्हणून गोळी सुटावीच का?

जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरची (मागच्या घोड्याची) पिन थेट काडतुसाच्या कॅपवर, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकलेली असते. शस्त्र हॅमरच्या बाजूने आपटले की कॅपवर ठोका बसतो आणि बार उडतो, ट्रिगरला बोटही लागत नाही. म्हणून जाणकार लोक हॅमरखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवून सहाच्या जागी पाचच काडतुसे भरत. यावर उपाय फार जुना आहे. हॅमरच्या वाटेत एक लहानशी पोलादी पट्टी आडवी येते आणि ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. 1944 मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर रिव्हॉल्व्हर डेकवर पडून एक खलाशी ठार झाला, तेव्हा स्मिथ अँड वेसन कंपनीने ही पट्टी नव्याने आणि भक्कम करून बसवली. म्हणजे हे तंत्रज्ञान आज ऐंशी वर्षांचे झाले.

आपल्याकडे मात्र वडिलोपार्जित शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या चालत आहेत. परदेशी शस्त्रांची खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला सोन्यासारखा भाव. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली किंवा 25 वर्षे शस्त्र बाळगले, तर ते वारसाकडे देण्याची सोय 2016 च्या शस्त्र नियमांतच आहे. वारसाची चौकशी होते, त्याच्या नावावर गुन्हा आहे का ते बघितले जाते. शस्त्राची चौकशी म्हणजे काय, तर नळीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवणे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा त्यांची खरी अवस्था कळते. एकदा एका वयस्क शेतकऱ्याने टॉवेलात गुंडाळून आणलेले रिव्हॉल्व्हर मी उघडले. सहाही घरे भरलेली. काडतुसे काढून हॅमर अर्धा मागे घेतला आणि अंगठ्याने नुसता दाब दिला, तर तो सटकून पुढे आला आणि पिन रिकाम्या घरात डोकावली. हॅमर अर्ध्यावर रोखून धरणारी खाच पार झिजली होती. "तात्या, हे असंच भरून कपाटात असतं का?" असे विचारले. ते म्हणाले, "मग, रिकामं ठिवून काय करायचं?" घरात नातवंडे होती. निवडणूक संपली, नंबर जुळला, शस्त्र परत गेले. मी तोंडी सांगण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो, कारण नादुरुस्त सेफ्टी हे शस्त्र अडवून ठेवायचे कारण म्हणून कोणी धरतच नव्हते.

शस्त्राची घडण कायद्याने कशी बांधावी आणि कशी बांधू नये, या दोन्हींचे धडे अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये कायदा करून 2001 पासून हँडगनला चाचणी सक्तीची केली. नवे मॉडेल साधारण एक मीटर उंचीवरून सहा वेगवेगळ्या बाजूंनी काँक्रीटवर टाकतात. बार उडाला तर ते मॉडेल तिथल्या दुकानात विकता येत नाही. साधी, कोणालाही समजेल अशी परीक्षा.

न्यू जर्सीने उलट चूक केली. मालकाच्याच हातात चालेल असे 'स्मार्ट' पिस्तूल बाजारात आले की तीन वर्षांनी राज्यात फक्त तसलीच पिस्तुले विकायची, असा कायदा 2002 मध्ये केला. हेतू चांगला होता. पण एक स्मार्ट पिस्तूल विकले गेले तर बाकी सगळ्यांवर बंदी येणार, म्हणून बंदूकप्रेमी त्या पहिल्या पिस्तुलावरच तुटून पडले. 2014 मध्ये मेरीलँडमधल्या एका दुकानदाराने आर्माटिक्स कंपनीचे, मनगटी घड्याळाच्या संदेशावर चालणारे पिस्तूल विकायचे जाहीर केले, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. पुढे 2017 मध्ये एका हॅकरने किरकोळ किमतीच्या चुंबकांनी तेच पिस्तूल घड्याळाशिवाय चालवून दाखवले. शेवटी 2019 मध्ये न्यू जर्सीने कायदा बदलला आणि मंजूर झालेले एक तरी स्मार्ट मॉडेल दुकानात विक्रीला ठेवावे, एवढीच अट ठेवली. जे तंत्र अजून सिद्ध झालेले नाही, ते सक्तीचे करू नये. जे ऐंशी वर्षे सिद्ध आहे, ते सक्तीचे न करणे ही मात्र बेपर्वाई आहे.

स्मार्ट पिस्तुलाची गरज मी नाकारत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हाने ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते, असे तपासात पुढे आले. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. असे प्रकार थांबवणारे तंत्र भरवशाचे झाले की जरूर आणावे. तोवर निदान कुलूपबंद पेटी आणि ट्रिगर लॉक यांची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जासोबत आजही घेतली जाते, पण ती कागदावरच राहते.

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याने असा प्रत्येक नियम कोर्टात अडकतो. आपल्याकडे तो हक्क नाही. शिवाय कानपूरच्या कारखान्यात .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर सरकारी कंपनीच बनवते. घरातल्या प्रेशर कुकरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. मग रिव्हॉल्व्हरला उंचावरून पाडून बघण्याच्या चाचणीचा शिक्का मागायला सरकारला कोणाची भीती आहे?

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. ते योग्यच होते. आता खासदारांनी पुढची दुरुस्ती मागावी : नव्या शस्त्रासाठी पाडून बघण्याची चाचणी शस्त्र नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावी आणि जुन्या शस्त्राला सेफ्टी ठीक असल्याच्या दाखल्याशिवाय नूतनीकरण वा वारसाकडे हस्तांतर मिळू नये. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, म्हणजे पाच वर्षांतून एकदाच ही तसदी.

शस्त्र कायदा केंद्राचा असला तरी परवाने जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तच देतात. प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात आर्मोरर आहे. रिव्हॉल्व्हरचा हॅमर, खाच आणि पट्टी बघायला त्याला पंधरा मिनिटे पुरतात. पुढच्या निवडणुकीत शस्त्रे जमा होतील तेव्हा नंबर जुळवणाऱ्या कारकुनाशेजारी त्यालाही बसवावे आणि सदोष शस्त्र दुरुस्तीशिवाय परत देऊ नये, एवढा आदेश राज्याच्या गृह विभागाने काढावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर, सातारा