त्या एका प्रश्नासाठी मनापासून आभार

नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ‘नाव नको’ असं तुम्हीच कळवलंत. पण मनगटी घड्याळावरच्या तुमच्या वेळ मोजणाऱ्या ॲपसाठी आभार मात्र चारचौघांत मानणारच.

छोट्या व्हॉलीबॉल स्पर्धांत वेळ मोजायला वेगळा माणूस नसतो. टाइम-आउटचे 30 सेकंद, दोन सेटमधली 3 मिनिटं, सगळं द्वितीय पंचाच्या मनगटावर. स्टँडवर मुख्य पंच म्हणून उभं राहिलं की शिटीनंतर सर्व्हिससाठीचे 8 सेकंद. आणि त्याच वेळी सर्व्हिस करणाऱ्याचा पाय रेषेवर पडतोय का, त्याच्या संघातले बाकीचे समोरच्यांना चेंडू दिसू नये असा आडोसा करतायत का, हेही बघायचं. घड्याळात बघणार कधी?

आधी एका ॲपला रीतसर पैसे भरले होते. ऐन टाइम-आउटमध्ये स्क्रीन काळी व्हायची. तक्रार केली तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं छापील उत्तर आलं, पुढे काहीच नाही. काही ज्येष्ठ पंच म्हणाले, मनात मोजत जा. पण अटीतटीच्या सेटमध्ये मनातले सेकंद पळतात, आणि ते दोन्ही संघांना सारखे मिळायला नकोत का? याचा मला अजूनही राग येतो.

तुम्हाला लिहिलं तेव्हा फार आशा नव्हतीच. तुमचं उत्तर त्याच रात्री आलं. त्यात ना सबब होती, ना आश्वासन. फक्त एक प्रश्न होता: ‘टाइम-आउटची खूण करताना घड्याळाचा हात खाली असतो की वर?’ आणि खाली लिहिलं होतं, ‘मी आत्ता उभा राहून करून बघितलं. दोन्ही हात अडकतात, मग बटण दाबणार कसं?’

खेळाशी काडीचा संबंध नसलेला माणूस रात्री आपल्या खोलीत उभा राहून, एका हाताच्या उभ्या बोटांवर दुसरा तळवा आडवा ठेवून बघतो! हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात. आमच्या हातांना काय अडचण येते, हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. समोरच्याचं काम आधी समजून घेणं, मग बोलणं, ही माणुसकी दिसायला साधी, पण किती थोड्यांकडे असते!

नंतर तुम्ही अख्खी स्क्रीनच बटण करून टाकलीत. घामेजलेलं बोट कुठेही टेकलं तरी वेळ सुरू. पाचव्या सेकंदाला हलका ठोका, आठव्याला लांब थरथर. परवा निर्णायक सेटमध्ये 14-13 असताना सर्व्हिस करणारा चेंडू आपटतच राहिला. माझी नजर त्याच्या पायांवर होती. मनगट थरथरलं, मी शिटी दिली. गुण समोरच्यांना, 14-14. त्याचे प्रशिक्षक तावातावाने उठले, पण कर्णधाराला मी कारण शांतपणे सांगू शकलो, कारण मला खात्री होती.

आमच्या बाकीच्या पंचांनाही हे ॲप दाखवलंय. ते तुम्हाला लिहितील, सांभाळून घ्या. आणि जमलं तर खेळाडूला दुखापत झाली आणि बदली खेळाडू देता येत नसेल, तेव्हा द्यायच्या 3 मिनिटांचं बटण पहिल्या पानावर आणा. घाई अजिबात नाही.

लोभ असावा.

तुमचा,
एक व्हॉलीबॉल पंच