वाफेच्या गाडीला फोटोसाठी थांबा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरी गाडीचे फोटो काढायला म्हणून मी मुद्दाम मेट्टुपालयमला गेलो होतो. हिलग्रोव्ह स्टेशनात जे घडता घडता राहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र.

ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना हिचं वाफेचं इंजिन पुढे नसतं, मागे असतं. ते डब्यांना ढकलत वर नेतं. चढ १२ फुटांना १ फूट इतका खडा. कल्लार स्टेशन मागे पडलं की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात आणि इंजिनाखालची दात्यांची चाकं त्यात अडकून गाडी वर सरकते. म्हणजे ड्रायव्हर गाडीच्या शेपटाला. पुढच्या रुळावर माणूस आहे की दरड, त्याला काही दिसत नाही. डब्याडब्यावर ब्रेक्समन उभे असतात. सगळ्यात पुढच्याने लाल किंवा हिरवा झेंडा दाखवायचा, मागच्यांनी तो बघून आणखी मागे पोचवायचा, तेव्हा कुठे ड्रायव्हरला कळतं. शंभराहून जास्त वर्षं हा घाट या झेंड्यांच्या भरवशावर चालला आहे.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं. तेवढ्या वेळात सगळी गाडी खाली उतरते. कुणी चहा घेतं, कुणी माकडांपासून खाऊ वाचवतं, आणि बाकी सगळे कॅमेरे नि मोबाइल घेऊन इंजिनाकडे धावतात. मीही धावलो. शिट्टी झाली, आम्ही आपापल्या जागी चढलो. माझी जागा पुढच्याच डब्यात होती. गाडी हलली आणि बघतो तर पुढच्या वळणावर तीन तरुण रुळांच्या मधोमध उभे. गाडीकडे पाठ, हात लांब करून मोबाइल धरलेला. गाडी मागून येताना दिसावी असा व्हिडिओ चालला होता. ब्रेक्समनने लाल झेंडा झटकला, ओरडला, ब्रेकचं चाक गरागरा फिरवलं. गाडी थांबली तेव्हा मध्ये पाच-सहा हातांचंच अंतर उरलं असेल. मुलं हसत हसत बाजूला झाली. ब्रेक्समन मात्र हसला नाही. झेंड्याची काठी त्याच्या मुठीत थरथरत होती, ती मी चार फुटांवरून पाहिली.

मला त्या मुलांचा संताप आला. रात्री कुन्नूरला खोलीवर दिवसभराचे फोटो बघत बसलो, तेव्हा मात्र दुसरी गोष्ट कबूल करावी लागली. त्यांना जो फोटो हवा होता, तोच मलाही हवा होता. गाडीच्या आत बसून गाडीचा फोटो निघत नाही. वळणावर डबे कलले आहेत, मागून इंजिनाचा पांढरा लोट दरीत उतरतो आहे, हे चित्र बाहेरून, लांबूनच दिसतं. त्यातही थंडीतली सकाळ लागते, कारण गार हवेतच वाफ दाट आणि पांढरी दिसते. दुपारच्या उन्हात तीच वाफ चिमणीतून निघते न निघते तोच विरून जाते. त्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. सपाटीला दोनच चालतात. दातेरी भागात शिरलं की त्या दोघांनी वापरलेली वाफ उरलेल्या दोघांत जाते आणि दात्यांची चाकं फिरवते. त्या क्षणी आवाजाची लयच बदलते. हे सगळं टिपायला माणूस हजार-बाराशे किलोमीटर जातो आणि शेवटी त्याच्या हाती उरतात खिडकीतून बाहेर वाकून काढलेले चार कोपरे.

रुळांवर जाणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तशा पाट्याही जागोजाग आहेत. पाट्यांनी गर्दी थांबलेली मी तरी पाहिली नाही. २०२४ च्या जूनमध्ये कॅनडाहून मेक्सिकोत आलेलं एक जुनं वाफेचं इंजिन बघायला रुळांलगत माणसं जमली होती. त्यात इंजिनासोबत स्वतःचा फोटो काढताना एका बाईचा जीव गेला. आपल्याकडे तसं होण्याची वाट बघायची का?

उपाय नवा शोधायला नको. ब्रिटन-जर्मनीत जुन्या गाड्यांच्या खास सहलींमध्ये ठरलेल्या जागी गाडी थांबवतात. फोटो काढणारे उतरतात आणि रुळांपासून दूर, आखून दिलेल्या जागेत उभे राहतात. रिकामी गाडी मागे जाते आणि भरपूर वाफ सोडत, शिट्टी देत पुन्हा समोरून येते. हवं तर दोनदा येते. मग सगळे चढतात आणि गाडी पुढे निघते. त्यासाठी लोक जास्तीचं तिकीट आनंदाने काढतात. मीही काढीन. निलगिरीच्या रोजच्या गाडीला हे जमणार नाही, घाटातलं वेळापत्रक मी समजू शकतो. पण थंडीत महिन्यातून एक सहल तरी अशी व्हावी. आणि रोजच्या प्रवाशांसाठी हिलग्रोव्हसारख्या ठिकाणी वळण दिसेल असा कठडा घातलेला ओटा बांधावा. तेवढ्याने ती तीन मुलं रुळांवर गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मागणी आपल्या घरची आहे. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली ती वाफेवर. दोन फुटी रूळ, म्हणजे दोन रुळांत दोनच फुटांचं अंतर, २० ला १ चा चढ आणि अंगावर येणारी वळणं. त्या वळणांसाठी जर्मनीहून खास इंजिनं आणली होती, ज्यांची टोकाची चाकं वळणावर बाजूला सरकू शकत. १९८० च्या दशकात ती इंजिनं बंद झाली. त्यातलं ७४० क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेने जपून ठेवलं आहे. आमचं इंजिन बघायला आम्ही इंग्लंडला जायचं! दार्जिलिंगची गाडीही दोन फुटीच, आणि तिथे पर्यटकांसाठी खरी वाफेची इंजिनं घूम स्टेशनापर्यंत फेऱ्या मारतात. मग पावसाळा संपल्यावर नेरळ ते जुम्मापट्टी एवढी तरी खऱ्या वाफेची फेरी का होऊ नये?

खऱ्या वाफेची, असं मुद्दाम म्हणतो. गुजरातेत २०२३ पासून एकता नगर-अहमदाबाद गाडीला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलेलं विजेचं इंजिन लावतात. गाडी सुंदर आहे, लोक हौसेने बसतात, त्यांच्या आनंदात मला विरजण घालायचं नाही. पण वाफेचं इंजिन म्हणजे काळा रंग आणि चिमणी नव्हे. ते तापायला काही तास लागतात, त्याला पाणी पाजावं लागतं, त्याच्यापाशी माणसं राबतात. फोटो त्या राबण्याचा असतो.

हे मी एवढं धरून का बसलो आहे, तेही सांगतो. आम्ही कुर्डुवाडीचे. माझे वडील बार्शी लाइटवर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. अडीच फुटी रुळांची ती गाडी मिरजेपासून लातूरपर्यंत जायची. आषाढीला पंढरपूरच्या गाडीत वारकरी टपावरसुद्धा बसलेले असत, आणि वडील चार-चार दिवस घरी येत नसत. आले की आई आधी चुलीवरचं कढत पाणी काढून द्यायची. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात नेहमी तेलकट सुताचा बोळा असे. हात पुसून पुसून तो काळा कुळकुळीत झालेला असायचा, आणि आम्ही पोरं त्याचा वास घ्यायला भांडायचो. आज ती लाइन ब्रॉडगेज झाली आहे आणि वडीलही नाहीत. तेव्हा स्टेशनात कॅमेरा काढला की परवाना विचारत आणि आमच्याकडे तर कॅमेराही नव्हता. वडिलांचा लग्नातला फोटो आहे, निवृत्तीच्या हारातला आहे. इंजिनावरचा एकही नाही.

निलगिरीच्या त्या गाडीवर आज जे फायरमन आणि ब्रेक्समन आहेत, त्यांच्या पोरांच्या बाबतीत असं होऊ नये. म्हणून फोटो काढू द्या, पण नीट जागा देऊन.

जाता जाता आपल्याला एक विनंती. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगलीकडच्या वाचकांपैकी कुणाच्या जुन्या ट्रंकेत बार्शी लाइटच्या वाफेच्या इंजिनाचे फोटो असतील, तर ते मागवून आपल्या रविवारच्या पानावर छापावेत. इंजिनावरच्या माणसांचे चेहरे ओळखू येत असतील, तर ते आधी छापावेत.

आपला एक जुना वाचक,
कुर्डुवाडी (सध्या पुणे)