सायबर हल्ल्याचाही पंचनामा करा

मा. उद्योगमंत्री, कर्नाटक राज्य

महोदय, सादर नमस्कार.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा नदीला पूर आला की तलाठी शेतात येतो, पंचनामा होतो. भरपाई किती मिळते हा वेगळा विषय. कारखान्यावर सायबर हल्ला झाला, तर मात्र एकच प्रश्न येतो: 'पैसे किती गेले?' खात्यातून काही गेलं नाही म्हटलं की समोरच्याचं पेन खाली.

ओळखीच्या एका फौंड्रीत घडलेलं सांगतो. सकाळी कॉम्प्युटर लावला तर हिशोबाचं टॅली उघडेना, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कॉम्प्युटरला कायमची जोडलेली, त्यामुळे तीही गेली. भट्टी चालू होती, ओतकाम थांबलं नव्हतं, पण माल निघेना. माल वाहून न्यायला लागणारं ई-वे बिल दुसरीकडून काढता आलं असतं हो. पण कुठल्या ऑर्डरचे किती नग, काय दर, कुठल्या हीटचं (भट्टीतल्या एका घाण्याचं) टेस्ट सर्टिफिकेट, सगळं आत अडकलेलं. कास्टिंगचे ढीग शेडबाहेर आले. टेंपोवाला दुसरं भाडं धरून गेला. मशीनिंगचं जॉबवर्क करणारे बसून राहिले. गिऱ्हाइकाने उशिराचा दंड बिलातून कापला. मालकाने खंडणी दिली नाही, म्हणजे सरकारदरबारी नुकसान शून्य!

१९३० ही हेल्पलाइन पैसे लुबाडले गेले तर उपयोगी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या आदेशानुसार हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची असते. उद्यमबाग, मच्छे, होनगा या आमच्या औद्योगिक वसाहतींत हे किती जणांना माहीत आहे? शिवाय खबर देणं वेगळं, नुकसान मोजणं वेगळं.

२०२५मध्ये टाटांच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला आणि ब्रिटनमधले कारखाने महिनाभराहून अधिक काळ बंद राहिले. तिथल्या एका संस्थेने नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड काढला, त्यात पुरवठादार आणि डीलरही धरले. आपल्याकडे जुलै २०२४मध्ये बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर, म्हणजे असाच खंडणीचा हल्ला, आला आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार अडले. त्या दिवसांत किती दुकानदारांची देणी थकली, याचा हिशोब निदान माझ्या तरी वाचनात आला नाही.

मागणी मोठी नाही. जिल्हा उद्योग केंद्राने एक साधा फॉर्म काढावा: काम किती तास अडलं, माल किती अडकला, बसून पगार किती द्यावा लागला, दंड किती, घडी पुन्हा बसायला किती दिवस लागले, आणि त्या युनिटवर पोट असलेल्यांचं काय झालं. कारखान्याचं नाव गुप्त ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कुणी तोंड उघडणार नाही. फॉर्म कन्नडबरोबर मराठीतही असू द्या. हिशोब लिहिणारी आमची बरीच पोरं मराठी शाळेतली आहेत. यात सीमावाद शोधू नये.

राज्याचं सायबर सुरक्षा धोरण २०२४मध्ये आलंच आहे. हिवाळी अधिवेशनासाठी आपण सगळे बेळगावात येता. यंदा येताना इथल्या सुवर्णसौधात, विधिमंडळाच्या पटलावर निदान या एका जिल्ह्याचे आकडे ठेवा.

आपला,
उद्यमबागेतला एक लघुउद्योजक