सफारीचे पहिले दिवस रस्त्यातच संपतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील केनियाच्या सफारीवरचा लेख आवडीने वाचला. छायाचित्रे उत्तम होती आणि लेखकाचा उत्साह ओळीओळीतून जाणवत होता. मात्र लेखाखालच्या चौकटीतील ‘आदर्श कार्यक्रम’ पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. नैरोबीला उतरल्या दिवशीच अंबोसेली, एक रात्र काढून नाकुरू, तिथेही एक रात्र आणि मग मसाई मारा, अशी ती आखणी आहे. बहुतेक सहल कंपन्यांची पत्रकेही याच धाटणीची असल्यामुळे दोष एकट्या लेखकाचा नाही. तरीही, बहुतेकांच्या वाट्याला एकदाच येणाऱ्या या प्रवासाचे पहिले दिवस, म्हणजे नजर सर्वांत ताजी असते ते दिवस, अशा आखणीमुळे गाडीच्या काचेआड बसून संपतात, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

नकाशावर ही ठिकाणे एकमेकांच्या शेजारी वाटतात. प्रत्यक्षात अंबोसेली नैरोबीच्या दक्षिणेला टांझानियाच्या सीमेवर, नाकुरू वायव्येला रिफ्ट खोऱ्यात आणि मारा पश्चिमेला आहे. अंबोसेलीहून नाकुरूला जायचे तर पुन्हा नैरोबी गाठावे लागते आणि मालवाहू ट्रकांच्या रांगांमागून सरकताना बहुतेक दिवस निघून जातो. पुढे नाकुरूहून मारापर्यंत आणखी पाच-सहा तास. सकाळी जंगलात एक फेरी, मग सामान बांधून प्रवास आणि संध्याकाळी नव्या ठिकाणी अंधार पडता पडता खोलीची किल्ली हातात, असा हा क्रम असतो. प्राण्यांच्या हालचाली पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास सर्वाधिक असतात, आणि त्यातली एक वेळ रोज रस्त्यावर जाते.

अंबोसेलीचेच पाहा. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो टांझानियात असला, तरी त्याचे सर्वांत देखणे दर्शन सीमेच्या अलीकडून, या उद्यानातून होते. पण हा पर्वत दिवसभर दिसत नाही. उजाडताना तो स्वच्छ असतो, ऊन चढू लागले की ढगांत जातो आणि कधी कधी संध्याकाळी पुन्हा उघडतो. मुक्काम एका रात्रीचा असेल तर हाती एकच पहाट येते, आणि ती ढगाळ निघाली तर विषय संपला. हत्तींचेही तसेच आहे. किलिमांजारोच्या उतारांवर मुरलेले पाणी जमिनीखालून वाहत येऊन अंबोसेलीत झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि त्यावर तिथल्या दलदली भर उन्हाळ्यातही हिरव्या राहतात. कोरड्या, पांढुरक्या मातीतून धूळ उडवत कळप सकाळी त्या पाण्याकडे येतात, पोटापर्यंत चिखलात उभे राहून दुपारभर चरतात आणि दिवस कलल्यावर त्याच वाटांनी परततात. या हत्तींचा अभ्यास १९७२ पासून अखंड चालू आहे. कानांच्या कडांवरच्या फाटी आणि खाचा यांवरून संशोधक एकेक हत्ती ओळखतात. न्याहारी आटोपून निघणाऱ्या पाहुण्याला या दिनक्रमाचा अर्धाच भाग दिसतो, आणि तोही घाईत.

नाकुरूबद्दल एक दुरुस्ती आवश्यक आहे. रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेल्या सरोवराचे जे वर्णन लेखात आहे, ते आज गृहीत धरता येत नाही. गेल्या दशकभरात सरोवराची पातळी इतकी वाढली की काठची झाडे पाण्यात उभी राहून वाळली आणि उद्यानाचे जुने मुख्य प्रवेशद्वारही बुडाले. पाण्याचा खारेपणा घटल्यामुळे रोहितांचे खाद्य असलेले शेवाळ कमी झाले आणि बरेचसे थवे बोगोरियासारख्या अन्य सरोवरांकडे वळले. गेंडे पाहण्यासाठी नाकुरू आजही चांगलेच आहे. पण तिथे गुलाबी सरोवराच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

माराच्या बाबतीत खर्चाचाही मुद्दा येतो. परदेशी प्रौढ पर्यटकासाठी मारा अभयारण्याचे शुल्क २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर आणि वर्षाच्या उरलेल्या काळात १०० डॉलर झाले आहे. हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांपुरतेच चालते. दुपारी चारच्या सुमारास पोहोचून ‘पहिली सफारी आजच’ म्हणून आत शिरणारा प्रवासी जेमतेम दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे मोजतो. पत्रकात मात्र ही फेरी कंपनीने केलेली मेहेरबानी असल्याच्या थाटात छापलेली असते.

या घाईचा परिणाम केवळ पर्यटकावर होत नाही. आलेल्यांना थोड्या वेळात सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या ही पाच नावे पुरी करायची असतात. (पायी शिकार करायला सर्वांत अवघड म्हणून शिकाऱ्यांनी जुळवलेली ही यादी, शिकारीवर १९७७ पासून बंदी असलेल्या देशात पर्यटक अजून हातात घेऊन फिरतात, हे नवलच आहे.) चालकाची बक्षिसी या यादीवर अवलंबून असते. वायरलेसवर स्वाहिलीत निरोप येतो, गाडी वळते आणि थोड्याच वेळात एका झुडपाभोवती गाड्यांचे कडे पडते. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात असा माराचा नियम आहे, पण हंगामात तो किती पाळला जातो हे तिथे गेलेल्या कोणालाही विचारावे. दिवसा शिकार करणाऱ्या चित्त्यांना याची झळ सर्वाधिक बसते. माराच्या परिसरात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याची मादी सरासरी दोनाहून अधिक पिल्ले वाढवून स्वतंत्र करते, तर गर्दीच्या भागात हे प्रमाण पाच माद्यांमागे एका पिल्लाच्या आसपास घसरते, असे आढळले होते.

याउलट थांबल्यावर काय दिसते, त्याचा एक अनुभव सांगतो. मारातील एका सकाळी आमच्या चालकाने वायरलेसचा आवाज बंद केला आणि इंजिनही. समोर वारुळावर टोपी जातीचे एक हरण पुढचे पाय उंचावर रोवून उभे होते. तांबूस अंग आणि मांड्यांवर शाईचा हात पुसल्यासारखे निळसर डाग. ते आमच्याकडे पाहतही नव्हते. थोड्या अंतरावरचे झेब्रेही त्याच दिशेला माना वळवून स्तब्ध होते आणि मधूनच एखादा फुरफुरत होता. बऱ्याच वेळाने त्या दिशेच्या गवतात एक कान हलला आणि मग सिंहिणीचे डोके वर आले. तिने शिकार केली नाही. आपण दिसलो आहोत हे कळल्यावर जांभई देऊन ती सावलीकडे निघून गेली. सिंह शोधण्यापेक्षा हरणे कुठे पाहतात ते पाहा, असे चालक म्हणाला. त्यानंतर आम्ही त्याला ‘सिंह कुठे आहे’ असे विचारणे सोडून दिले. ही नजर येण्यासाठी एकाच रानात लागोपाठ दोन-तीन सकाळ-संध्याकाळ लागतात, आणि सुरुवातीलाच ती आली तर पुढचा सगळा प्रवास वेगळा होतो.

म्हणून माझी सूचना अशी की, सफारीची सुरुवात एकाच ठिकाणच्या किमान तीन रात्रींनी व्हावी. अभयारण्याला लागून ओलारे मोतोरोगी, नाबोइशो यांसारखी संरक्षित क्षेत्रे आहेत. मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन भाड्याने घेऊन ती चालवली जातात आणि तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते. अभयारण्यात गाडीतून उतरून हिंडण्याची मुभा नसते. इथे मात्र मसाई वाटाड्यासोबत पायी फिरता येते, रात्रीची फेरीही करता येते. राहणे महाग आहे हे खरे, पण दोन उद्याने आणि त्यांमधला प्रवास वगळल्यास त्या खर्चाचा बराच भाग भरून निघतो.

तयारीबद्दल थोडेच. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना वेळेत विचारावे. त्या प्रवासाआधीच सुरू करायच्या असतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि माराही उंचावरच. तेव्हा ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असे समजून आलेले लोक पहाटेच्या उघड्या गाडीत कुडकुडताना दिसतात.

आपल्या पुरवणीत यापुढे असे कार्यक्रम छापताना प्रत्येक दिवसापुढे रस्त्यावर जाणारे तास आणि त्या दिवसाचे प्रवेशशुल्क द्यावे, ही विनंती. सहल कंपन्यांच्या जाहिरातींनाही हीच अट घालता आली तर अधिक बरे.

आपला,
एक नियमित वाचक