मताधिक्य आणि बहुमत यांतला फरक

महोदय,

लोकसभेच्या 2024 च्या निकालाची चर्चा आपल्याकडे अजूनही 'कोण किती मतांनी आला' एवढ्यावरच थांबते. कोल्हापुरात श्रीमंत शाहू छत्रपती सुमारे दीड लाखांच्या मताधिक्याने निवडून आले; लढत सरळ होती आणि कौलही स्पष्ट होता. शेजारच्या हातकणंगले मतदारसंघाचे तसे नाही. तेथे धैर्यशील माने यांना सुमारे 5 लाख 20 हजार, सत्यजित पाटील सरूडकर यांना सुमारे 5 लाख 7 हजार आणि राजू शेट्टी यांना जवळपास 1 लाख 80 हजार मते मिळाली. म्हणजे विजयी उमेदवाराच्या विरोधातील दोघांची बेरीज पावणेसात लाखांहून अधिक होते. आपल्या पद्धतीत सर्वाधिक मते घेणारा निवडून येतो, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. त्यामुळे या निकालात गैर काहीच नाही. शेट्टी यांची मते दुसऱ्या कुणाकडे गेलीच असती, हे मात्र पारावरचे गणित झाले.

माझी विनंती वेगळी आहे. या मतदारसंघात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळाही येतात. यंत्रमागाचे गाव आणि वारणाकाठचा ऊसपट्टा एकाच आकड्यात मोजल्यावर काय कळणार? आपण सहाही विधानसभा क्षेत्रांची मते, 'नोटा'सह, शेजारी शेजारी छापावीत.

आपला,
एक मतदार, कोल्हापूर